इमारतीखालची विहीर

जमिनीत सांडलेलं रसायन फार काळ सरळ खाली जात नाही. वाटेत कुठेतरी चिकणमातीचा थर लागतो, नाहीतर भूजलाची पातळी येते, आणि तिथून ते पसरू लागतं. पाणी ज्या दिशेनं सरकतंय त्या दिशेला लांबच लांब, रुंदीला त्याहून कमी आणि जाडीला कित्येकदा दोन-तीन मीटरसुद्धा नाही. अशा पातळ, लांबट पट्ट्यात आपण उभी विहीर घेतो तेव्हा बारा मीटर खोदून कामाची जागा मिळते ती शेवटच्या दोन-तीन मीटरांची. बाकी सगळं नुसतं पोहोचण्यासाठी केलेलं खोदकाम. मग दुसरी विहीर, तिसरी, दहावी. आणि पट्ट्याच्या नेमक्या मध्यावर एखादी इमारत उभी असली की तेवढी जागा सोडून भोवतीनं विहिरींची रांग.

भूजलशास्त्र मी पुण्यात शिकले. गेली बरीच वर्षं अमेरिकेच्या आग्नेय भागात, जॉर्जिया आणि दोन्ही कॅरोलिनांत, दूषित माती आणि भूजल साफ करण्याचं काम करते आहे. त्यातलं माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचं काम म्हणजे आडव्या विहिरी. जमिनीवर एका टोकाला तिरपं शिरायचं, ठरलेल्या खोलीवर वळायचं, सपाट होऊन इमारतीच्या, रस्त्याच्या, रुळांच्या खालून शे-दीडशे मीटर जायचं आणि जमलं तर पलीकडे पुन्हा वर यायचं. मागे राहतो छिद्रांचा पाइप, दूषित थराच्या लांबीभर झोपलेला.

पारनेरकडच्या माणसाला यात फारसं नवल वाटणार नाही. माझ्या मामाच्या विहिरीत उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की आडवे बोअर मारणारे यायचे. यारीनं छोटं यंत्र विहिरीत उतरवायचं आणि मुरूम संपून पाषाण लागतो त्या सांध्यावर, जिथे भिंत ओली दिसते तिथे, शंभर फुटांपर्यंत आडवं आत जायचं. कोणत्या बाजूला मारायचं यावर बांधावर मोठी चर्चा चाले. बेसॉल्टचे थर आडवे, त्यांच्यामधल्या फटींतून पाणी येतं ते आडवं, म्हणून बोअरही आडवा. हे तर्कशास्त्र मी कॉलेजात जाण्याआधी ऐकलं होतं. फरक एवढाच की तिथे चांगलं पाणी विहिरीत आणायचं असे, इथे वाईट पाणी शोधत जायचं असतं.

या कामाची पाळंमुळं दोन ठिकाणी आहेत. तेलवाले आडव्या विहिरी आधीपासून खणत होतेच. दुसरीकडे 1971 साली मार्टिन चेरिंग्टन यांनी कॅलिफोर्नियात वॉटसनव्हिलजवळ पाहारो नदीच्या तळाखालून गॅसची पाइपलाइन नेली. तिथून नदी, रस्ते, धावपट्ट्या न उकरता त्यांच्याखालून जायचं तंत्र रुजलं. पुण्या-मुंबईत केबल टाकायला रस्त्याकडेला जी तिरप्या रॉडची यंत्रं दिसतात, ती याच घराण्यातली.

प्रदूषण काढण्यासाठी पहिल्यांदा ज्या आडव्या विहिरी घेतल्या गेल्या त्यांत दक्षिण कॅरोलिनातल्या एकन गावाजवळच्या सव्हाना रिव्हर साइटवरच्या दोन विहिरींचं नाव येतं. अण्वस्त्रांसाठी लागणारी द्रव्यं बनवायला 1950च्या दशकात उभारलेला हा अवाढव्य सरकारी परिसर. तिथल्या एम एरियात अणुभट्ट्यांसाठी धातूचे भाग तयार होत आणि त्यांवरचं तेल-ग्रीस काढायला टीसीई, पीसीई यांसारखी क्लोरिनयुक्त द्रावकं वापरली जात. सांडपाणी जमिनीखालच्या नळातून तळ्याकडे जाई आणि तो नळ वाटेत ठिकठिकाणी गळत होता. गळती एका रेषेत, म्हणून विहीरही त्याच रेषेत घ्यायची, असं तिथल्या शास्त्रज्ञांनी ठरवलं. 1988 साली नळाच्या कडेनं दोन आडव्या विहिरी खणल्या: एक भूजलपातळीच्या खाली, एक तिच्यावरच्या कोरड्या थरात. 1990 मध्ये खालच्या विहिरीतून हवा सोडली आणि वरच्या विहिरीतून ओढून घेतली. हवा वर जाताना पाण्यातलं, मातीतलं द्रावक वाफेच्या रूपात सोबत घेऊन जाते. 139 दिवसांत जवळपास 16,000 पौंड, म्हणजे सात हजार किलोहून जास्त द्रावक बाहेर निघालं.

टीसीईच्या बाबतीत सात हजार किलो म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवं. पिण्याच्या पाण्यात त्याची अमेरिकेतली कायदेशीर मर्यादा लिटरमागे 5 मायक्रोग्रॅम. ते पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड, म्हणून पाण्यात शिरून खाली बसतं. एक लिटर टीसीई साधारण 29 कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत बिघडवू शकतं. हा हिशोब मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी करायला लावते. पुढे कुणी "थोडंसंच सांडलं होतं" म्हणालं की त्यांच्या कपाळावर आठी पडते, आणि ती पडायलाच हवी.

सव्हानाच्या पुढच्या टप्प्यात हवेबरोबर थोडा मिथेन सोडला गेला. मिथेन खाणारे जिवाणू त्या मातीत होतेच. मिथेन पचवण्यासाठी ते जे विकर तयार करतात, ते टीसीईचाही रेणू मोडतं. जिवाणूंना त्यातून काही मिळत नाही, पण आपलं काम होतं. आडव्या विहिरीमुळे हे खाद्य लांबच लांब पट्ट्यात एकाच वेळी पोचवता आलं.

आता प्रत्यक्ष खणण्याबद्दल. टोकाला जे पातं असतं ते एका बाजूनं तासलेलं असतं. रॉड फिरवत ढकलला की पातं सरळ जातं. फिरवणं थांबवून नुसतं ढकललं की तासलेली बाजू ज्या दिशेला ठेवाल त्याप्रमाणे ते वळतं. ड्रिलर आणि लोकेटर यांची भाषा घड्याळाची. बारा वाजता ढकललं की वर, सहाला खाली, तीनला उजवीकडे, नवाला डावीकडे. पात्याच्या मागे छोटा ट्रान्समीटर, आणि वर लोकेटर हातात रिसीव्हर धरून जमिनीवरून चालतो आहे. रेडिओवर एवढंच ऐकू येतं: "आठ मीटर चाळीस. चढ शून्य पॉइंट दोन. दोन वाजलेत." मग रिगवरून: "सहाला घेऊन अर्धा रॉड ढकलतो." एक रॉड पुढे, पुन्हा मोजमाप, पुन्हा एक रॉड.

एका चालू कारखान्याखालून जाताना आम्ही रात्रपाळीत यंत्रांच्या मधल्या बोळातून असेच चालत होतो. फरशीतल्या सळ्यांनी सिग्नल बिघडत होता, एकाच जागी दोन वेगवेगळ्या खोल्या दिसत होत्या. आमचा लोकेटर वयानं मोठा, कमी बोलणारा. त्यानं रिसीव्हर छातीपर्यंत उचलून एकदा वाचन घेतलं, जमिनीला टेकवून एकदा घेतलं, दोन्हींतल्या फरकावरून सळ्यांचा परिणाम ताडला आणि खडूनं फरशीवर फुली मारली. शेजारी एक कामगार बाई पेटीत सुटे भाग भरत होती. तिनं खाली पाहिलं, पेटी जरा सरकवून फुलीला जागा दिली आणि भरणं चालू ठेवलं. तिच्या पायांखाली आठ मीटरवर आमचं पातं होतं. तिची पाळी बुडाली नाही, यंत्र हललं नाही, फरशी फुटली नाही. जिथे सळ्या फारच दाट असतात तिथे जायरोवर चालणारी उपकरणं वापरतात, त्यांना लोखंडाचा त्रास होत नाही. पण ती महाग पडतात, आणि चांगल्या लोकेटरची नजर त्यांच्याबरोबरही लागतेच.

सपाटी हा या कामाचा जीव आहे. हवा सोडायची विहीर असेल तर फारच. हवा सगळ्यात कमी दाबाच्या जागेतून निसटते. पाण्याखाली एक मीटर खोलीला साधारण 0.1 बार दाब वाढतो, म्हणजे पाइपला नुसता तीस सेंटिमीटरचा चढ-उतार असला तरी वरच्या टेकाडातून हवा सुटत राहते आणि खालच्या खळग्यात पाणी साचून बसतं. कागदावर शंभर मीटरची विहीर, प्रत्यक्षात काम करणारे वीस मीटर. म्हणून ड्रिलर वैतागला तरी मी रॉड मागे घेऊन पुन्हा घ्यायला लावते.

छिद्रांचं गणितही असंच. लांब पाइपला सगळीकडे सारखी छिद्रं पाडली तर तोंडाकडची छिद्रं बहुतेक सगळा दाब खाऊन टाकतात आणि शेपटाकडे काही पोचत नाही. ठिबकची लांब नळी टाकलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे माहीत आहे. त्यामुळे आम्ही छिद्रं मुद्दाम फार थोडी ठेवतो. पाइपच्या पृष्ठभागाच्या एक टक्क्याहूनही कमी जागा उघडी, आणि तीही लांबीप्रमाणे बदलत जाणारी, म्हणजे प्रवाहाला आवर माती घालत नाही, पाइप घालतो. चिरा पाइपच्या लांबीच्या दिशेनं पाडायच्या, कारण हा पाइप भोकातून खेचत न्यायचा असतो आणि आडव्या चिरांनी तो ताणाखाली तुटू शकतो.

भोक ढासळू नये म्हणून खणताना चिखल सोडावा लागतो. बाकीचे लोक बेंटोनाइट वापरतात. केबलसाठी ते उत्तम, विहिरीसाठी घातक, कारण भोकाच्या भिंती लिंपल्या जातात. आम्ही गवारीच्या डिंकाचं पातळ मिश्रण वापरतो. जगातली बहुतेक गवार भारतात, त्यातही राजस्थानात पिकते. जॉर्जियातल्या रिगवर गवार गमची पोती बघितली की मला बरं वाटतं, भाजी म्हणून तिच्याकडे नाक मुरडलेलं असूनही. पाइप आत गेला की विकर सोडून हा डिंक मोडायचा. तो मोडला की नाही हे बघायचं साधन अगदी साधं: मार्श फनेल नावाचं नरसाळं. साध्या पाण्याचा एक क्वार्ट त्यातून 26 सेकंदांत गळतो. विहिरीतून आलेलं पाणी चाळीसवरून पस्तीस, तीस, अठ्ठावीस करत खाली येतं, आणि आकडा पाण्याच्या जवळ येऊन टिकेपर्यंत कुणीही सामान आवरायचं नाही.

या सगळ्याचा मला एवढा आग्रह का? माझ्या क्षेत्रात फार वर्षं एक वाक्य चालत आलं: "प्रदूषण इमारतीखाली आहे, तिथे पोचता येत नाही." अहवालात ही ओळ आली की प्रश्न मिटल्यासारखा व्हायचा. उगम तसाच राहायचा, त्यातून झिरपत राहायचं आणि कडेच्या उभ्या विहिरी पिढ्यान्‌पिढ्या पाणी उपसत बसायच्या. इमारतीत काम करणाऱ्यांच्या, शेजारी राहणाऱ्यांच्या खोल्यांत फरशीच्या फटींतून वाफ येत राहायची. पाडा आणि उकरा म्हटलं तर लोकांची घरं, दुकानं जायची, म्हणून कुणी म्हणायचं नाही. आडव्या विहिरीनं त्या ओळीतला जोर काढून घेतला आहे. आता पोचता येतं. न पोचण्याचं कारण दुसरं काही असेल तर ते लिहा, हे मी बैठकीत स्पष्ट बोलते.

मात्र सगळीकडे ही विहीर चालते असं मी कधीच म्हणत नाही. नऊ मीटर खोली गाठायला साधारण चाळीस मीटर मागून शिरावं लागतं, तेवढं अंगण नसेल तर विषय संपतो. आणि उभी विहीर सगळ्या थरांतून जाते, चुकीचा थर असला तरी काहीतरी सांगते. आडवी विहीर पूर्ण लांबीभर एकाच खोलीला बांधली जाते. खोलीचा अंदाज एक मीटरनं चुकला तर तो शंभर मीटरभर चुकतो. त्यामुळे आधी भरपूर उभे नमुने काढल्याशिवाय आडव्या विहिरीचा प्रस्ताव कुणी पुढे केला तर मी सही करत नाही. महाराष्ट्रातून कधी विचारणा येते तेव्हाही हेच सांगते. राज्याचा बहुतेक भाग बेसॉल्टचा, तिथे रसायन फटीफटीतून जातं आणि सपाट विहिरीच्या हाती काय लागेल सांगता येत नाही. तापी-पूर्णेच्या गाळाच्या खोऱ्यात मात्र हे तंत्र जमिनीला मानवेल.

सध्या ज्या जागेवर काम करते आहे तिथे एक जुनी धुलाईची गिरणी होती, आता वर दुकानांची रांग आहे. पहिली विहीर चांगली चालली, पाण्यातली पीसीई झपाट्यानं उतरली, मग उतरायची थांबली. यंत्रणा बंद केली की आकडे हळूहळू पुन्हा चढतात. खालच्या चिकणमातीनं इतकी वर्षं जे शोषून घेतलं ते ती आता परत सोडते आहे. दुसरी विहीर थेट त्या मातीच्या माथ्यावर टाकायची आणि तिच्यातून हवेऐवजी जिवाणूंचं खाद्य सोडायचं, असं माझं मत आहे. मातीचा माथा कुठे आहे ते नकाशात आहे, पण दोन दुकानांच्या मधल्या भागात तो अर्धा मीटर खाली जातो अशी मला शंका आहे. म्हणून मंगळवारी तिथे आणखी चार उभे नमुने काढायला जातो आहोत, सकाळी दुकानं उघडायच्या आत.