वाळूच्या टेकड्यांतील गुरुवार

आमचे धाकटे चिरंजीव अमेरिकेंतील नेब्रास्का संस्थानांत ओमाहा शहरीं नोकरीस आहेत. मागें एकदां त्यांजकडे राहण्याचा योग आला असतां, त्यांच्या एका स्नेह्याच्या आग्रहावरून आम्ही त्याच संस्थानांतील चेरी नांवाची काउंटी, म्हणजे आपल्याकडील जिल्हाच म्हणाना, पाहून आलों. मोटारीनें सुमारें पांच तासांचा रस्ता. विस्तारानें हा मुलूख आपल्या पुणें जिल्ह्याएवढा. पण 2020 च्या खानेसुमारींत माणसें भरलीं अवघीं 5,455! गाई मात्र लाखावर.

येथील भूमि म्हणजे वाऱ्यानें रचलेल्या वाळूच्या टेकड्या. वर गवताचें पांघरूण आहे म्हणूनच त्या जागच्या जागीं आहेत; नांगर घातला कीं वाळू उडूं लागते. 1904 च्या किंकेड कायद्यानें सरकारनें येथें वसाहत करणारांस 640 एकरपर्यंत जमीन देऊं केली, परंतु नांगरावर भिस्त ठेवणारे पुष्कळ टिकले नाहींत. गवत आणि गुरें हाच येथील संसार. गाय येथें दुधासाठीं पाळीत नाहींत; कशासाठीं पाळतात, तें वाचकांनीं समजून घ्यावें.

आमचे यजमान सत्तरी उलटलेले गृहस्थ. गुरुवारीं सकाळीं न्याहारीपूर्वींच ते संगणकापुढें बसले. दर गुरुवारीं साऱ्या देशाचा दुष्काळाचा नकाशा प्रसिद्ध होतो. 1999 पासूनचा हा क्रम, आणि त्यांत याच संस्थानांतील लिंकन येथील विद्यापीठाचा मोठा हात. दुष्काळाच्या पांच पायऱ्या, प्रत्येकीचा रंग निराळा. चराईच्या हंगामांत काउंटीच्या कोणत्याही कोपऱ्यास चौथ्या पायरीचा तांबडा रंग लागला, कीं साऱ्या काउंटींतील गुरेंवाले तीन महिन्यांच्या मदतीस पात्र होतात. चाऱ्याच्या ठरीव मासिक खर्चाचे शेंकडा 60 या दरानें ती मिळते. मग एखाद्याच्या कुरणावर पाऊस पडला असला तरी हरकत नाहीं. आणि कुंपणापलीकडच्या काउंटींतील शेजाऱ्याचें गवत करपलेलें असून त्याच्या काउंटीस तो रंग शिवला नसेल, तर त्यानें नुसतें पाहत बसावें. आपल्याकडील आणेवारी, हल्लींची पैसेवारी, निदान गांवोगांव होते, असें आम्ही अभिमानानें सांगितलें. तींत काय काय घोळ होतात, तें सांगण्याचें धैर्य झालें नाहीं.

“सरकारचा पैसा घेतांना मनास कसें वाटतें?” आमची मास्तरकीची खोड! यजमान बराच वेळ गप्प राहिले. मग 2012 ची हकीकत निघाली. त्या वर्षीं सारें संस्थान होरपळलें आणि नेमका त्याच वेळीं हा मदतीचा कायदा अस्तित्वांत नव्हता. त्याची मुदत 30 सप्टेंबर 2011 रोजीं संपली होती. गवत नाहीं, विकतचा चारा परवडेना. यजमानांनीं निम्मा कळप विकला. 2014 सालीं नवा कायदा झाला, तो मागील तारखेपासून लागू केला, आणि दोन वर्षांपूर्वींच्या दुष्काळाचे पैसे हातांत पडले. विकलेल्या गुरांचाही हिशेब धरतात, परंतु कमी दरानें. “त्या गाई माझ्या वडिलांनीं निवडून निवडून वाढविलेल्या वंशांतल्या होत्या,” ते म्हणाले. त्या पैशांतून त्यांनीं बँकेचें देणें फेडलें. कळप अद्यापि पूर्वींएवढा झालेला नाहीं.

यजमानीणबाईंनीं कॉफी आणून ठेविली. त्या गुरुवारीं काउंटी पिवळी होती. एवढ्यावर कांहीं मिळत नाहीं. यजमानांनीं टोपी चढविली आणि लांबच्या कुरणांतील पवनचक्की पाणी ओढते कीं नाहीं, तें पाहावयास आम्हांस बरोबर घेऊन निघाले.