डोंगरवाट तुम्हीच निवडा!

मैत्रिणींनो, घरात सहल ठरते तेव्हा कोणतं काम कुणाच्या वाट्याला येतं, हे काही तुम्हाला सांगायला नको. जायचं कुठं, ते घरातले पुरुष नाहीतर मुलं ठरवतात. डबे, पाणी, सतरंजी, धाकट्याचा स्वेटर आणि सासूबाईंच्या गोळ्या यांची काळजी तुमच्याकडे. इथवर आपण सगळ्याच हसून सोडून देतो. पण डोंगरावर गेल्यावर या वाटणीचं काय होतं, पाहिलंय कधी? अर्धी चढण झाली की धाकटा रडायला लागतो, नाहीतर सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात. मग कुणीतरी एकानं त्यांच्याजवळ थांबायचं असतं. थांबतं कोण? बहुतेक वेळा तुम्हीच! बाकीचे वर जाऊन येतात, “काय वारा होता म्हणून सांगू!” असं म्हणतात आणि तुम्ही झाडाखाली पिशव्या सांभाळत बसलेल्या असता.

याला एक साधा उपाय आहे. वाट निवडण्याचं काम तुम्ही आपल्याकडे घ्या. घरात कोण किती चालतं, कुणाला केव्हा भूक लागते, कुणाला कशानं दम लागतो, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असतं? वाट निवडायला मुख्यतः हीच माहिती लागते. राहिलेली थोडी आज आपण पाहू. सातारा-सांगलीकडच्या बायकांना तर निवडीला तोटाच नाही.

आधी पावसाचा नकाशा

या दोन जिल्ह्यांचे डोंगर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाचायचे. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग. तिथं महाबळेश्वरला वर्षाकाठी ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्यात पूर्वेला, माण तालुक्यात, तो ५००च्या आसपास येतो. सांगलीतही तेच. शिराळ्याकडे झड लागलेली असते, तेव्हा जत-आटपाडीची माणसं आभाळाकडे डोळे लावून बसलेली असतात.

यातूनच ऋतूप्रमाणे वाट ठरते. जुलै-ऑगस्टात पश्चिमेच्या जंगलवाटांचा मोह नको. पायाखाली शेवाळ, समोर धुकं, पायाला जळवा, आणि सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी कमरेएवढा होतो. त्या दिवसांत पूर्वेकडच्या टेकड्या हिरव्या असतात आणि वाटही दिसते. सप्टेंबरात पठारावरची फुलं पाहावीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा दाट जंगलाचा काळ. उन्हाळ्यात मात्र सावली असेल तिथंच जावं, तेही सकाळी.

उंचीच्या आकड्याला भिऊ नका

साताऱ्याचा अजिंक्यतारा समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटर उंच आहे. ऐकूनच छाती दडपते ना? पण सातारा गावच मुळात ७०० मीटरांच्या आसपास वसलेलं आहे. म्हणजे चढायचे ते साधारण ३०० मीटर. उलट महाबळेश्वर १३७२ मीटर उंचीवर आहे, पण तिथल्या कितीतरी रानवाटा जवळजवळ सपाट आहेत, कारण चढाचं काम तुमच्या एस.टी.नं आधीच केलेलं असतं. तेव्हा विचारायचं ते एवढंच, की गाडीतून उतरल्यावर किती चढायचं आहे?

आता घड्याळाचा हिशेब. तरणीताठी मुलं चालतात त्या वेगावर जाऊ नका. घरच्या मंडळींसाठी सपाटीवर तासाला ३ किलोमीटर धरा आणि दर २०० मीटर चढासाठी वर अर्धा तास. समजा, ३ किलोमीटरची वाट आहे आणि चढ ४०० मीटर. एक तास चालण्याचा, एक तास चढाचा, अर्धा तास टेकण्याचा, मिळून झाले अडीच तास. उतरायलाही जवळजवळ तेवढेच धरा. उतारावर दम लागत नाही, पण गुडघ्यांची परीक्षा तिथंच होते. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. तेव्हा चारपर्यंत पायथ्याशी परत, असा बेत आखा आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ जातानाच कंडक्टरला विचारून ठेवा.

सुरुवात कुठून करावी?

सातारकरणींनी अजिंक्यताऱ्यापासूनच करावी. वर गाडीरस्ता जातो, त्यामुळे वाट चुकायची भीती नाही आणि कुणी दमलंच तर खाली आणायची सोय आहे. पहाटे फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते. वर मंगळाई देवीचं देऊळ आहे. आठवड्यातून दोनदा, असं महिनाभर केलंत की तुमचे पाय किती तयार आहेत ते तुम्हाला आपोआप कळेल.

त्यानंतर सज्जनगड. परळी गावाच्या डोक्यावरचा हा गड, समर्थ रामदासांचं समाधिस्थान. निम्म्याहून अधिक चढ गाडीनं होतो आणि शेवटी बांधीव पायऱ्या आहेत. सासूबाईंना घेऊन जायला याहून चांगली जागा नाही. पायऱ्यांवर दर वळणाला टेकता येतं, माणसांची जाग असते आणि वरून उरमोडी धरणाचं पाणी दिसतं. नेहमी आपण इथं नुसतं दर्शनाला म्हणून जातो. या खेपेला दर्शन झाल्यावर तटाच्या कडेनं सावकाश एक फेरी मारा. वाऱ्याला पदर मात्र खोचून घ्या हं!

सांगली-मिरजेच्या मैत्रिणींसाठी दंडोबा आहे. मिरज-पंढरपूर रस्त्यावर भोसे गावाजवळचा हा डोंगर वन खात्यानं झाडी राखून जपलाय. कातळात कोरलेलं महादेवाचं देऊळ आहे. चढ फार नाही, मुलांना खूप आवडेल. पण मार्चनंतर इथं ऊन भाजून काढतं, म्हणून ऑगस्ट ते जानेवारी हाच काळ बरा.

आणि सागरेश्वर तर बायकांनी अवश्य पाहावं. हे डोंगर एकेकाळी उघडेबोडके होते. मोहित्यांचे वडगावचे वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, झाडं लावली गेली, जगवली गेली, हरणं आणून सोडली आणि १९८५ साली त्याचं अभयारण्य झालं. क्षेत्र जेमतेम ११ चौरस किलोमीटर, भोवती कुंपण, आत चितळ, सांबर, काळवीट. माणसानं हातानं उभं केलेलं हे रान आहे. कुंडीतला मोगरा जगवताना काय कष्ट पडतात हे ठाऊक असलेल्या बाईला त्याची किंमत लगेच कळते. पायथ्याला सागरेश्वराची जुनी देवळं आणि देवराष्ट्रे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. जवळच किर्लोस्करवाडी. १९३० साली ‘स्त्री’ मासिक तिथूनच निघालं. आपल्या आज्या-पणज्यांना घराबाहेरचं जग दाखवणारा अंक ज्या गावातून टपालात पडायचा, तिथून तुमची सहल सुरू व्हावी, हेही छानच नाही का?

फुलांचं पठार

कासचं पठार साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटर. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात कासही आहे. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं यांचे गालिचे पसरतात. टोपली कारवी मात्र ७ वर्षांतून एकदा फुलते. इथं चढाची चिंता नाही, चिंता आहे ती गर्दीची. हंगामात आधी नोंदणी करून, शुल्क भरून जावं लागतं. रविवार टाळा, मधल्या वारी सकाळी पोहोचा. मुख्य पठार पाहून झालं की राजमार्ग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या वाटेनं कुमुदिनी तळ्याकडे चालत जा. रस्त्यापासून थोडं दूर गेलं की गर्दी विरळ होते.

एक मात्र मुलांना बजावून सांगा. कातळावर मातीचा थर बोटभरच असतो. फुलांत बसून फोटो काढले की ती फुलं तर जातातच, पण पुढच्या वर्षीचं बीही तुडवलं जातं.

खरं जंगल

पाय तयार झाले आणि मुलं दहा-बारा वर्षांची झाली की वासोटा. बामणोलीहून लाँचनं शिवसागर जलाशय ओलांडायचा आणि कोयनेच्या अभयारण्यात उतरायचं. तिथून सुमारे ५०० मीटरांचा चढ, बराचसा गच्च झाडीतून. आपल्या हिशेबानं पहिला तास चढाचा नाही, पाण्यातला आहे, आणि परतायलाही लाँचच. वन खात्याची परवानगी लागते, ओळखपत्र लागतं, गडावर मुक्काम करता येत नाही आणि पावसाळ्यात वाट बंद असते. म्हणून साताऱ्याहून पहाटेच निघावं लागतं. वाटाड्या घ्यावाच. सांगलीकडचं चांदोली आणि हे कोयनेचं रान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. चांदोलीत पायी मनाला येईल तसं भटकता येत नाही, तिथं परवानगी घेऊन गाडीतूनच रान पाहायचं.

या रानात गवे आहेत, अस्वलं आहेत, आणि आग्यामोहोळं आहेत. गव्याला वाट द्यायची, ओरडायचं नाही. मोहोळाखालून जाताना धूर, आरडाओरडा नको. गजरा, सुवासिक तेल, सेंट त्या दिवशी घरीच ठेवा.

पाणी, पाय आणि न बोलली जाणारी गोष्ट

दर माणशी दोन लिटर पाणी. निम्मं संपलं की, माथा कितीही जवळ दिसत असो, परत फिरायचं, हा नियम आधीच सगळ्यांना सांगून ठेवा. खायला दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळ-शेंगदाणे. दहीभात आणि बटाट्याची भाजी उन्हात टिकत नाही. नवे बूट पहिल्यांदा डोंगरावर घालू नका, आठवडाभर बाजारात जाताना वापरा. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा, साडीच हवी तर घोट्याच्या वर खोचलेली.

आणि ती गोष्ट. वाटेत आडोसा मिळणार नाही म्हणून कितीतरी बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग डोकं ठणकतं, चक्कर येते आणि त्या चढावर मागं पडतात. घरच्यांना वाटतं, “हिला चालवत नाही.” तेव्हा वाट निवडतानाच पायथ्याशी स्वच्छतागृह आहे का, ते विचारून घ्या. सोबत दोघी-तिघी असू द्या, म्हणजे एकीला दुसरीचा आडोसा होतो. पाळीची तारीख जवळ असेल तर लागेल ते सामान आणि एक घट्ट बंद होणारी पिशवी बरोबर ठेवा, कचरा रानात टाकायचा नाही. पाणी मात्र घोटघोट पीत राहा.

शेवटचं म्हणजे ओझं. ज्याचं पाणी, ज्याचा डबा, ज्याचा स्वेटर, त्याच्या पाठीवर. आठ वर्षांचं पोरही आपली बाटली नेऊ शकतं. सगळ्यांचं सामान एका मोठ्या पिशवीत भरलं, की ती सांभाळायला कुणीतरी मागं राहतं. कोण, ते आपण वर पाहिलंच!

येत्या आठवड्यात कागद घेऊन बसा. घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा आणि तो न कुरकुरता किती तास चालेल ते पुढं मांडा. सगळ्यांत लहान आकडा असेल, तेवढ्या वेळात जाऊन येण्यासारखी वाट वरच्यांतून निवडा. मुलगा म्हणेल, “एवढीशीच?” म्हणू दे. त्याला हवी असलेली मोठी वाट तो मित्रांबरोबर करील. या वाटेवर सासूबाई, धाकटा आणि तुम्ही, सगळी मिळून माथ्यावर टेकायचं आणि डबा तिथं उघडायचा.