वर येतं तेवढंच

गेल्या डिसेंबरात दापोलीच्या किनाऱ्यावर मामूंच्या होडीत बसलो होतो. सोबत मुंबईहून आलेले दोन मित्र. फजरची नमाज आटोपून निघालो होतो. समुद्र शांत. तेवढ्यात एक करडी पाठ वर आली आणि बुडाली. हंपबॅक डॉल्फिन! पाठीवरच्या उंचवट्यामुळे पडलेलं हे नाव. मित्र ओरडले, मीही ओरडलो, "मामू, अजून जवळ घ्या!"

मामूंनी इंजिनच बंद केलं. "बाजूला पिल्लू आहे. श्वास घेऊ दे त्याला."

मला एकदम नानीचं वारूळ आठवलं.

पावसाळ्यात घरामागच्या रानात त्या वारुळावर अळंबी यायची. नानी कोवळी तेवढी खुडायची, पूर्ण उमललेल्या छत्र्या तिथेच ठेवायची. खाली काय आहे ते बघायला दहाव्या वर्षी मी तिथे कुदळ घातली. आत स्पंजासारखी पोळी होती. ती वाळवीची शेती. वाळवी पालापाचोळा चावून तिथे रचते, बुरशी तो कुजवते आणि त्यावर वाळवी जगते. अळंबी हे त्या बुरशीचं फळ. धिंगरीसारखी ही अळंबी माणसाला शेडमध्ये पिकवता येत नाही. पुढच्या पावसात तिथे काहीच उगवलं नाही. नानी मला एक शब्द बोलली नाही. तेच जास्त लागलं.

तसं पाहिलं तर दोघांचं नातं काय? एक आपल्यासारखाच सस्तन प्राणी, दुसरी ना झाड ना प्राणी. पण डॉल्फिन वर येतो श्वासासाठी, अळंबी वर येते बीजाणू सोडायला. दोघंही स्वतःच्या गरजेने. आपण मात्र वर आलेलं सगळं आपल्यासाठीच आलं असं धरून चालतो.

हा डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच राहतो. म्हणजे जाळी, होड्या, बंदरं, सगळं त्याच्या घरातच. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण असूनही आज ही जात संकटग्रस्त आहे.

मित्रांना फोटो मिळाला नाही. परतताना एकाने विचारलं, "दुसरे होडीवाले जवळ नेतात ना?"

"नेतात," मामू म्हणाले. "गिऱ्हाईकही त्यांनाच जास्त मिळतं."

मी गप्पच राहिलो. जवळ घ्या म्हणणाऱ्यांत मीही होतो.