जयंतीचे पावती पुस्तक

आमच्या वस्तीचे राजकारण कोणाला समजून घ्यायचे असेल, तर त्याने वर्तमानपत्रे बाजूला ठेवून आमच्या जयंती उत्सव समितीची पावती पुस्तके चाळावीत. ही पुस्तके आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत आहेत. आम्ही बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना 'पोराला जमाखर्च येतो' म्हणून वडीलधाऱ्यांनी ती आमच्या हाती दिली, ती अजून सुटलेली नाहीत. पुढे नोकरीही कारकुनाचीच लागली. त्यामुळे व्यासपीठावर भाषणे करणारे कार्यकर्ते वेगळे आणि आम्ही वेगळे. आमची चळवळ म्हणजे डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च.

ते वर्ष १९९८ चे. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी गोळीबार होऊन दहा माणसे गेली, त्याला वर्षही झाले नव्हते. फेब्रुवारीत लोकसभेची निवडणूक आली आणि आम्ही आयुष्यातले पहिले मत टाकले. रिपब्लिकन गट तेव्हा एकत्र आले होते. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले, असे चौघे एकदम खासदार झाले, तेही खुल्या मतदारसंघांतून. त्या वर्षीचे पावती पुस्तक उघडले की अजूनही अंगावर काटा येतो. अकरा रुपये, एकवीस रुपये, कुठे एक्कावन्न. एवढ्या किरकोळ रकमा, पण वस्तीतले एक घर सुटलेले नाही. मिरवणूक एक, मंडप एक, आणि शेवटी खर्च वजा जाता एकशे सदतीस रुपये शिल्लक!

पुढच्या वर्षी मंडपाचे बांबू उतरायचे होते, तेवढ्यात १७ एप्रिल १९९९ रोजी दिल्लीतले सरकार एका मताने पडले. म्हातारी माणसे पारावर बसून आम्हा पोरांना सांगत होती, 'बघा, एका मताची किंमत काय असते ती.' पण त्या साली निवडणूक येईपर्यंत आमची एकजूट उरली नव्हती. चौघांतले दोघेच पुन्हा लोकसभेत गेले. दिल्लीतली ती फूट आमच्या गल्लीत यायला फार वेळ लागला नाही. २००० साली वस्तीत दोन जयंत्या झाल्या. दोन समित्या, दोन मंडप, आणि दोघांमध्ये अंतर मोजून चाळीस फूट. एका कर्ण्यावर एक भीमगीत, दुसऱ्यावर दुसरे, आणि मधल्या घरांत कोणालाच काही ऐकू येईना. साडू-साडू एकमेकांकडे जेवायला जाईनासे झाले. आमची आत्या मात्र दोन्हीकडे वर्गणी देई. आम्ही रागावलो तर म्हणाली, 'बाप एकच हाय ना रं? पावत्या दोन झाल्या तरी जमा त्याच्याच नावावर व्हनार.'

आता ज्या पावतीसाठी हे सारे लिहायला बसलो, तिच्याकडे येतो. २०१६ साली बाबासाहेबांची १२५ वी जयंती होती. सगळीकडे थाट होता, आपलाही व्हावा असे कोणाला वाटणार नाही? त्यातच पुढच्या फेब्रुवारीत महापालिकेची निवडणूक होती. मार्चमध्ये एका इच्छुक उमेदवाराचा माणूस आमच्या घरी आला. चहा घेतला, भिंतीवरच्या तसबिरीला हात जोडले आणि एक्कावन्न हजार रुपये टेबलावर ठेवले. बॅनरवर साहेबांचा फोटो बाबासाहेबांच्या शेजारी, त्याच आकाराचा हवा, एवढीच अट. फोटो लागणार नाही असे आम्ही ठणकावून सांगितले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. तो हसला. म्हणाला, 'फोटो राहू द्या. पावती तेवढी द्या, नाव नीट लिहा.' आम्ही नाव नीट लिहिले. आमचे अक्षर वळणदार आहे, त्याचा आम्हाला उगाचच अभिमान.

पैसा आम्ही खाल्ला नाही. विहारावर नवे पत्रे घातले, उरलेल्यात रोषणाई आणि मंडप. हिशेब पैशापैशाने जुळला. साहेब निवडून आले.

२०१८ च्या उन्हाळ्यात आमच्या मागच्या चार गल्ल्यांचे पाणी आटले. जुनी एक इंची पाइपलाइन, ती नाल्याच्या कडेने गेलेली, गंजलेली. पहाटे साडेचारला अर्धा तास पाणी, त्यातही पहिली दहा मिनिटे गढूळ. आम्ही पाच जण साहेबांच्या कार्यालयात गेलो, बरोबर आत्या आणि आणखी दोघी होत्या. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि आम्हाला म्हणाले, 'भाऊसाहेब, तुमच्या वस्तीचा हिशेब २०१६ लाच चुकता झाला की. पावती तुमच्याच अक्षरातली आहे ना?'

बायकांच्या देखत बोलले. आम्हाला उत्तर सुचले नाही. परत येताना रस्ताभर आत्या काही बोलली नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होते.

मग २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज केला. कागद आले. अंदाजपत्रक, निविदा, मोजमाप पुस्तिका, सगळे कारकुनाच्या डोळ्यांनी वाचले. एकाच गल्लीत चार वर्षांत दोनदा पेव्हर ब्लॉक बसवले होते. पाइपलाइनचा उल्लेख कुठेच नव्हता. ब्लॉक डोळ्यांना दिसतात, उद्घाटनाला नारळ फोडता येतो. पाइप जमिनीखाली जातो, त्याच्यावर नावाची पाटी लागत नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्यानंतर वॉर्ड ऑफिसात गेलो की ऐकायला मिळे, 'नगरसेवक नाहीत, काम सुचवणार कोण?' वाईट का असेना, ज्याच्या दारात जाऊन भांडावे असा माणूस तरी होता. त्या काळात अर्जावर आवक शिक्का मारून घ्यायचा आणि घरी यायचे. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांची मुदत पाच वर्षांची ठरवली आणि ती संपण्याआधी निवडणूक घ्यावी असे सांगितले, हे आम्ही तिथल्या साहेबांना एकदा सांगून पाहिले. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा कागद ओढला.

२० मे २०२४ रोजी लोकसभेचे मतदान होते. संविधान वाचवायचे म्हणून वस्ती उन्हात उभी राहिली. आत्या दोन तास रांगेत होती, पाय सुजले तरी हलली नाही. वॉर्डाच्या निवडणुकीत हीच माणसे साडीवर, भांड्यावर, मंडपावर मत देतात असे शिकलेली मंडळी बोलतात, तेव्हा आमचा संताप होतो. साडी घेणारी बाई निदान स्वतःपुरती घेते. आम्ही तर साऱ्या वस्तीच्या नावाने पावती फाडली. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावले होते की, राजकारणात एक माणूस एक मत, एक मत एक मूल्य आणि जगण्यात विषमता, अशी विसंगती घेऊन आपण पुढे निघालो आहोत. दर वर्षी हे भाषण आम्हीच मंडपात वाचून दाखवतो. त्या मंडपाचे पैसे कोणाचे, हे मात्र कधी वाचले नव्हते.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रखडलेल्या निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि इच्छुक पुन्हा वस्तीत दिसू लागले. जूनमध्ये आम्ही समितीची बैठक बोलावली. यापुढे पाचशे एक रुपयांपेक्षा मोठी पावती नाही आणि उमेदवाराकडून छदामही नाही, असा ठराव मांडला. एक तरुण उठला. 'दादा, तुम्ही खाल्लंत आणि आता आम्हाला उपास?' सभा हसली. पोराचे चूक नव्हते. दुसरा म्हणाला, पैशाशिवाय आपल्याला कोण विचारतो? त्यावर एक म्हातारे गृहस्थ बसल्या जागेवरून बोलले, 'बाबासाहेब १९५२ ला मुंबईत पडले, १९५४ ला भंडाऱ्यात पडले. मंडप लहान होता म्हणून पडले का?' पण तेवढ्याने कोणाचे समाधान झाले नाही. तेव्हा आम्ही पेटीतून २०१६ चे पुस्तक काढले आणि ती स्थळप्रत मोठ्याने वाचली. नाव, रक्कम, तारीख, खाली आमची सही. आणि त्या कार्यालयात काय ऐकून घेतले तेही सांगितले. सात वर्षे हे आम्ही घरातही नीट सांगितले नव्हते. ठराव एकोणीस विरुद्ध चौदा मतांनी मंजूर झाला. तो तरुण विरोधातच राहिला, पण सकाळी दारात हजर. 'द्या दादा, आमच्या गल्लीचं पुस्तक.'

वर्षावासातल्या ग्रंथवाचनाची वर्गणी सुरू होती. आत्याने पदराच्या गाठीतून बेचाळीस रुपये काढले, एकवीस इकडचे आणि एकवीस तिकडचे.

'त्यांनी बी असंच ठरवलंय का?' तिने विचारले.

'नाही अजून.'

'मग जाऊन इचार की. चाळीस फुटांवर तर हायेत.'

पंचवीस वर्षांत आम्ही त्या दारात गेलो नव्हतो. संध्याकाळी गेलो. जयभीम झाला, चहा झाला. आम्ही ठरावाचे सांगितले, पावतीचेही सांगितले. त्यांचे खजिनदार बराच वेळ गप्प बसले. मग उठून त्यांनी कपाटावरची पेटी खाली घेतली. त्यांच्याकडेही २०१६ सालची एक स्थळप्रत होती. रक्कम एक्कावन्न हजार. नावही तेच.