एकसष्टचा नातू आणि माहूरचा खो

माहूरवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 161अ हा 61 चा नातू आहे! हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. मी लातूरचा. 361 क्रमांकाचा महामार्ग माझ्या गावातून जातो, त्याच्या कडेच्या टपऱ्यांवर मी आयुष्यभर चहा प्यायलोय. पण त्या तीन आकड्यांत त्याचं अख्खं कुळ लिहिलेलं आहे आणि ते कुळ थेट माहूरच्या रेणुकामातेच्या पायथ्याशी जाऊन पोचतं, हे मात्र मला आत्ता कुठे उलगडलं.

2010 साली देशातल्या सगळ्या राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले गेले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम आकडे, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. सम आकडे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात, विषम उत्तरेकडून दक्षिणेकडे. इथवर शाळेतल्या भूगोलासारखं आहे. खरी गंमत पुढे सुरू होते. क्रमांक तीन आकडी असेल तर शेवटचे दोन आकडे बापाचं नाव सांगतात, पहिला आकडा ती कितवी शाखा ते सांगतो. आणि मागे अक्षर लागलं असेल तर त्या शाखेला फुटलेली आणखी एक फांदी! आता लावा हिशेब. मूळ पुरुष 61. हा भिवंडी-कल्याणहून निघतो, माळशेज घाट चढतो, अहिल्यानगर, पाथर्डी, माजलगाव, पाथरी, परभणी, वसमत, नांदेड, भोकर करत तेलंगणात भैंसा-निर्मलकडे उतरतो. जुनी माणसं त्याला अजूनही 222 म्हणून ओळखतात. त्याचा एक मुलगा 161, अकोल्याहून वाशीम, हिंगोली, नांदेड, देगलूर असा संगारेड्डीला जाणारा. दुसरा आमचा 361. आणि 161 चा मुलगा तो 161अ, जो भोकर, हिमायतनगर, किनवट, माहूर, धनोडा करत आर्णीकडे जातो. तिथे आर्णीला त्याला कोण भेटतं? 361. म्हणजे काकाच!

पुढचं ऐका. हा 361 सुरू होतो तुळजापूरला. औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, अर्धापूर, उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ, वर्धा आणि शेवट नागपूरजवळ बुटीबोरीला. एका टोकाला भवानी, आणि आर्णीहून पुतण्याचा हात धरला की रेणुका. साडेतीन पीठांपैकी दोन पूर्ण पीठं डांबराच्या एका सलग धाग्यात ओवलेली आहेत. पवनार ते पत्रादेवी असा शक्तिपीठ महामार्ग आखला गेला, सुरुवातीच्या आखणीत 802 किलोमीटरचा, त्याला शेतकऱ्यांचा विरोध आहे, आंदोलनं झाली, सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्या वादात एवढंच म्हणायचंय की तुळजापूर आणि माहूर जोडणारा एक रस्ता आधीपासून आहे, तो आधी पुरता मजबूत करा, त्याच्या साइडपट्ट्या भरा, वळणांवर पांढरे पट्टे मारा. त्याचं कौतुक कोणी करत नाही म्हणून मी करतोय.

किनवट सोडलं की रस्त्याचा स्वभाव बदलतो. दोन्ही बाजूंनी साग. पावसाळ्यानंतर त्याची ताटाएवढी पानं इतकी दाट असतात की वळणापलीकडचं काही दिसत नाही, नुसता एसटीचा हॉर्न आधी येतो आणि मग एसटी. मधेच तांडा, मधेच कोलामांची वस्ती, सारखणीच्या फाट्यावर भजी आणि चहा. फाट्यावर कान उघडे ठेवले तर मराठी, गोरमाटी, गोंडी आणि तेलुगू एकाच बाकड्यावर ऐकू येतात. यात नवल नाही, कारण 1956 पर्यंत हा किनवटचा मुलूख आदिलाबाद जिल्ह्यात होता, राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला आला. पिवळ्या डोक्याचा किलोमीटर दगड म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या डोक्याचा म्हणजे राज्य महामार्ग, नारिंगी म्हणजे गावाकडे जाणारा रस्ता. या पट्ट्यात थोड्याशा अंतरात तिन्ही रंग भेटतात. अशाच एका पिवळ्या दगडाचा फोटो काढायला मी थांबलो होतो, आणि तिथेच या लेखाचा दुसरा अर्धा भाग मला सापडला.

दगडाजवळच्या थांब्यावर गाडीची वाट बघत कॉलेजच्या मुलींचा एक घोळका उभा होता. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाची जर्सी, पायात बूट, काहींच्या गुडघ्यांना पट्ट्या. त्यातली एक न राहवून पुढे आली. “काका, दगडाचा फोटो काहून काढूलालाव?” मी तिला 161अ ची वंशावळ सांगितली. तिनं ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, “मग आमचं बी असंच हाय. तालुक्याला जिंकलं की झोन, झोनमधून विद्यापीठ, विद्यापीठातून वेस्ट झोन.” आणि सगळ्या हसत एसटीत चढल्या. खो-खोच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना निघाल्या होत्या. मी गाडीला किक मारली आणि एसटीच्या मागे निघालो. दुसरं काय करणार होतो!

तोवर महाविद्यालयीन खेळ म्हणजे पेपरातली चार ओळींची बातमी, एवढंच माझं ज्ञान. त्या मैदानावर पोचल्यावर जे दिसलं त्यानं मी थक्क झालो. क्रीडा संचालक सर सामन्याआधी मैदानावरून चालत होते आणि दर चार पावलांवर टाच दाबून बघत होते. टाच रुतली की माणसाला हाक, “इथं आणखी एकदा फिरवा.” माणूस रोलर ओढत यायचा. धूळ उडाली की झारीनं पाणी. मी विचारलं तर सरांनी सगळं समजावलं. खालची माती काळी, ती पाण्यानं फुगते आणि उन्हानं भेगाळते, त्यावर पळणाऱ्याचा घोटा मुरगळलाच म्हणून समजा. म्हणून वरची काळी माती खरवडायची, मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, रोलरनं दबाई करायची, वर चाळलेल्या मातीचा पातळ थर, आणि पाणी निथळून जावं म्हणून किंचित उतार. अहो, हे तर रस्त्याचं काम! मराठवाड्यातला प्रत्येक रस्ता याच काळ्या मातीशी झगडत उभा राहतो. मुरूम, पाणी, दबाई, मग खडी, मग डांबर, आणि पाणी दोन्हीकडे निघून जावं म्हणून मधे उंचवटा. दबाईत कसूर झाली की पहिल्याच पावसाळ्यात रस्ता खचतो. सर हातात चिमूटभर मुरूम घेऊन बोटांत चोळून दाखवत होते आणि मी माझ्या आवडीचं शास्त्र एका खेळाच्या मैदानावर ऐकत होतो.

मग फक्की मारून रेषा उजळल्या आणि सामना सुरू झाला. खो-खो मी लहानपणी खेळलोय, पण असा जवळून कधी पाहिलाच नव्हता. मधल्या पाटीवर आठ जणी बसलेल्या, एकआड एक उलट तोंड करून, नववी पळणारी. तिनं एकदा दिशा घेतली की खांब येईपर्यंत मागे वळायचं नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. पळती बाजू मात्र हवी तशी वळेल, हवी तिथून आरपार जाईल. तीन-तीन जणींच्या तुकड्या आत येतात. ज्या मुलीनं मला दगडाबद्दल विचारलं होतं ती पहिल्याच तुकडीत होती. एकेरी साखळी धरून ती बसलेल्यांच्या मधून अशी काही सरकत होती की पाठलाग करणारीचा हात प्रत्येक वेळी वीतभर कमी पडत होता. खांबाजवळ तिनं हुलकावणी दिली, डावा खांदा पुढे टाकला, समोरची तिकडे झेपावली आणि ही उजवीकडून निघून गेली. शेवटी बाद झाली ती एका आकाशीय सुरावर. मागच्या मुलीनं बसल्या जागेवरून खो मिळताच हवेत अंग झोकून दिलं, बोटाचं टोक हिच्या पाठीला लागलं आणि ती स्वतः त्या दाबलेल्या मुरमावर लांबवर घसरत गेली. उठली, कोपर झटकलं, लगेच पुढच्या पाठलागाला. सरांच्या टाचेची किंमत मला त्या क्षणी कळली.

सामन्यांच्या मधल्या वेळात मी सरांकडून तो दुसरा नकाशा समजून घेतला, आणि खरं सांगतो, हा शोध मला महामार्गांच्या वंशावळीपेक्षाही मोठा वाटतो. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 रोजी स्थापन झालं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे त्याचे चार जिल्हे. त्याआधी माहूर-किनवटची पोरं औरंगाबादच्या विद्यापीठाकडून खेळायची. आता माहूरहून निघालेला संघ निलंग्याच्या संघाशी भिडायचा तर मधे तीनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता. पण माहूरहून उत्तरेला पैनगंगा ओलांडली की लगेच धनोडा, यवतमाळ जिल्हा, विदर्भ, आणि विद्यापीठ बदललं! तिथलं महाविद्यालय अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठाचं. पूर्वेला आदिलाबादकडे गेलात तर वरंगलचं काकतीय विद्यापीठ, आणि ते तर आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या दक्षिण विभागात. आपली दोन्ही पश्चिम विभागात. म्हणजे 161अ वरच्या एका थांब्याच्या दोन्ही हातांना, मोटारसायकलच्या टप्प्यात, तीन विद्यापीठांची मैदानं आहेत, आणि त्यांतल्या मुली एकमेकींसमोर अधिकृत सामन्यात यायच्या तर आधी आपापलं विद्यापीठ गाठायला हवं. पैनगंगेच्या दोन काठांवरच्या मुलींची गाठ पडायची ती पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत किंवा राज्यातल्या विद्यापीठांच्या ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सवात. आदिलाबादच्या मुलींशी तर थेट अखिल भारतीय पातळीवर!

रस्त्याला हे काही माहीत नाही. माहूरहून नांदेड गाठायचं असेल तर माणसं किनवट-भोकरवरून जातात, नाहीतर धनोड्याला पैनगंगा ओलांडून, महागाव-उमरखेडवरून 361 धरून, हदगावच्या अलीकडे पुन्हा तीच पैनगंगा ओलांडून. आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी जायला दुसऱ्या जिल्ह्यातून, दुसऱ्या विद्यापीठाच्या हद्दीतून जाणारी ही वाट मला फार आवडते. या वाटेवरची महाविद्यालयं निदान हंगामाआधी एकमेकींत मैत्रीचे सामने का खेळवत नाहीत? पलीकडे अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, 1914 पासूनचं, ज्याच्या पथकानं 1936 साली बर्लिनला आपल्या मातीतले खेळ जगाला दाखवले. त्या परंपरेचं वारं नदीच्या या काठाला लागायला एक पूल पुरेसा आहे, आणि पूल तर आहेच.

या मुलींना पुढे काय, असं मला आता कुणी विचारू नये. 19 जानेवारी 2025 ला दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोघांनीही जिंकला, आणि प्रतीक वाईकर, प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्याची भाग्यश्री जाधव 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात सुमित अंतिलबरोबर भारताचा तिरंगा घेऊन चालली. आमच्या लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार तर रुस्तुम-ए-हिंद. हे सगळे जिथून निघाले ती गावं नकाशावर बारीक अक्षरात असतात आणि त्यांच्या फाट्यावरचा दगड बहुधा पिवळा नसतो.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मुलींचे सामने ते शक्यतो सकाळी लावतात, कारण तांड्यावर परतणारीला फाट्यावर उतरून पुढे चालत जायचं असतं. वेळापत्रक ते आधी एसटीच्या वेळा बघून ठरवतात, मग खेळाच्या. मला वाटतं, प्रत्येक विद्यापीठाच्या क्रीडा विभागात भिंतीवर रस्त्यांचा मोठा नकाशा टांगलेला असावा आणि सोडतीचे कागद त्याच्यासमोर उभं राहूनच भरले जावेत. नवरात्रात माहूर गडावर एसटीच्या गाड्या भाविकांना वर-खाली नेतात, त्या दिवसांत या पट्ट्यातली बाकीची वाहतूक कशी पिंजून निघते हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या आठवड्यात इथे सामना ठेवायचा नाही, एवढं तरी त्या नकाशावरून कळेल.

माझा पुढचा बेत ठरलाय. आर्णीला जिथे 161अ आणि 361 भेटतात तिथला दगड मला बघायचाय, पुतण्या-काकांचा एकत्र फोटो काढायचाय. आणि त्याआधी विद्यापीठाच्या खो-खो संघाची निवड आहे. दगडाबद्दल विचारणारी ती मुलगी निवडली गेली तर शिबिराला ती विष्णुपुरीला येणार, आणि विष्णुपुरीचं विद्यापीठ आहे नांदेड-लातूर रस्त्यालाच. लातूरहून निघायचं, चाकूर, अहमदपूर, लोहा, मधे कुठेही वळायचं नाही. 361 थेट मैदानापर्यंत नेतो.