दर्या आणि दऱ्या

मालवणच्या बाजारपेठेत तीन पिढ्यांपासून किराणा मालाचे दुकान चालवणाऱ्या एका कुटुंबात आजोबांची एक वही जपून ठेवलेली आहे. ती जमाखर्चाची नव्हे, आठवणींची. बंदरात लागणारे मचवे, आमसुले आणि खोबऱ्याचे सौदे, पावसाळ्यातील उधारी, आणि मधूनमधून भावांचे तक्ते. १९५७ साली नवे पैसे आले, तेव्हा सोळा आण्यांचा हिशेब शंभरात बसवताना गल्ल्यावर जो गोंधळ उडाला, त्यावर त्यांनी चार पाने खर्ची घातली आहेत.

आजोबा गेल्यावर ती वही टंकून घेऊन तिच्या काही प्रती छापल्या गेल्या. त्या संपल्या. मुंबई-पुण्याची नातवंडे पुस्तक मागू लागली, तेव्हा सूनबाईंनी ई-पुस्तक करण्याचे मनावर घेतले.

पहिला विचार पीडीएफचा आला, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. पीडीएफ छापील पान जसेच्या तसे धरून ठेवते. मराठीत ई साहित्य प्रतिष्ठानने याच रूपात असंख्य पुस्तके विनामूल्य घरोघरी पोहोचवली आहेत. फाइल सर्वांना गेली. पण ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या आजींच्या हाती टॅब दिला, तेव्हा पान पूर्ण दिसले की अक्षरे मुंगीएवढी, आणि अक्षरे मोठी केली की अर्धी ओळ काठाबाहेर. प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवावे लागे. तिसऱ्या पानावर त्यांनी टॅब खाली ठेवला. “पुरे गं. हे डोळ्यांचं नाही, हाताचं काम झालं.”

ईपब या रूपाची गरज येथे कळते. त्यात पान ठरलेले नसते. मजकूर पाण्यासारखा असतो. पडदा लहान असो वा मोठा, त्यात तो मावतो, आणि अक्षर वाढवले की ओळ आपोआप नव्याने मोडते. किंडलसाठीही आता ईपब चालते. पूर्वीची मोबी मागे पडली.

मात्र ईपबला खरा मजकूर लागतो, पानाचे चित्र नव्हे. जुनी फाइल उघडली, तर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा कचरा! युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या फाँटमध्ये मराठी अक्षर केवळ दिसायचे. आत साठवलेले असे ते इंग्रजीचेच चिन्ह. परिवर्तकातून मजकूर काढला, तेव्हा तो वाचता आला, पण ‘व्यापाऱ्यांचे’ सगळीकडे ‘व्यापार्यांचे’ झाले होते. नातवाने एका फटक्यात सगळे ‘र्य’ बदलून ‘ऱ्य’ केले. त्याबरोबर सूर्य आणि कार्य बिघडले. त्याहून वाईट म्हणजे आजोबांचा दर्या गेला आणि त्या जागी दऱ्या आल्या. मचवे दऱ्यांत लोटले जाऊ लागले! मालवणच्या पुस्तकात याहून मोठा अपघात कोणता? शेवटी सूनबाईंनी दुकान बंद झाल्यावर, रोज रात्री, वही शेजारी ठेवून एकेक शब्द तपासला. यंत्राला दर्या आणि दऱ्या यांतला फरक कळत नाही; तो माणसानेच पाहायचा.

भावांचे तक्ते हा दुसरा पेच. सहा रकान्यांचा तक्ता फोनवर मावेना. चित्र करून घातला, तर अक्षर मोठे होईना. मग खंडी, पायली आणि शेरांचे भाव दोन-दोन रकान्यांत मोडून मांडले.

विक्रीचा हिशेब थोरल्या मुलाने केला, व्यापाऱ्याच्या नजरेने. अॅमेझॉनकडून भारतातील विक्रीवर ७० टक्के मानधन हवे असेल, तर ई-पुस्तक ९० दिवसांच्या मुदतीने फक्त त्यांच्याकडेच ठेवण्याची अट असते. एरवी ३५ टक्के. नातलगांना फाइल मोकळेपणी देता यावी म्हणून घराने ३५ टक्केच पत्करले. पीडीएफही ठेवली, ज्यांना कागदावर छापून वाचायचे त्यांच्यासाठी.

आजींनी अक्षर एवढे मोठे केले की एका पडद्यावर जेमतेम आठ ओळी मावतात. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सूनबाईंना हाक मारली. नव्या पैशांच्या प्रकरणात एक ‘गिर्हाईक’ तसेच राहून गेले होते.