बडाभाई, छोटाभाई आणि भय्या

मिशनरी म्हटला की एक ठरावीक चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. पांढरा पायघोळ झगा, हातात बायबल, मागे एखादी शाळा नाहीतर दवाखाना, आणि या सगळ्याच्या मुळाशी आपला धर्म वाढविण्याचा हेतू. हे चित्र अगदीच खोटे आहे असे कोण म्हणेल? पण दूरदेशी आलेला एखादा तरुण मिशनरी सकाळी उठून करतो काय, खातो काय, थंडीत झोपतो कसा, हे प्रश्न आपल्याला सहसा पडत नाहीत. मला ते पडले, आणि पडले ते आमच्या एका भाडेकरूमुळे!

आमचे घर चाकणजवळ. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली तेव्हा आलेल्या पैशातून वडिलांनी घरामागे आठ खोल्या बांधल्या. खोली दहा बाय दहाची, वर पत्रा, आठ खोल्यांत मिळून नळ दोन. एकेका खोलीत चार-पाच जण राहतात. एक रात्रपाळीहून परततो तेव्हा दुसरा दिवसपाळीला निघालेला असतो. अंथरूण तेच, फक्त माणूस बदलतो. उन्हाळ्यात पत्रा तापतो आणि हिवाळ्यात तोच पत्रा रात्रभर थंडी गाळत राहतो. पहाटे पाचला कंपनीच्या बसची वाट पाहणारी ही मुले रस्त्याच्या कडेला फुटक्या लाकडी पॅलेटची शेकोटी करून उभी असतात. कानाला मफलर, हातात डबा, आणि बोलणे जवळजवळ नाहीच. बिहारचा असो, उत्तर प्रदेशचा असो की मध्य प्रदेशचा, आमच्या भागात या सर्वांना एकच नाव – ‘भय्या’.

भाडेकरू ठेवला की त्याची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते. घरात कॉलेजात जाणारा मी, म्हणून ते फॉर्म भरण्याचे काम माझ्याकडे. दिवाळीनंतर वीस वर्षांचा एक नवा मुलगा आला. ‘मूळ गाव’ या रकान्यापाशी मी थांबलो.

“जिल्हा डिंडौरी,” तो म्हणाला.

वडील ओट्यावर बसले होते. ते खूश होऊन म्हणाले, “अरे, मग तू तर आपलाच की! नाशिकजवळचा!”

“नहीं अंकल,” तो हसून म्हणाला, “हमारा डिंडौरी एम. पी. में है. नर्मदाजी के किनारे.”

डिसेंबरात एका आठवड्यात थंडी एकदम वाढली आणि हा मुलगा तापाने पडला. खोलीतले सोबती पाळीला गेलेले. आजीला हे कळले तेव्हा तिने कोणाला काही न विचारता मऊ तांदळाची पेज शिजवली, वर मीठ घातले आणि पितळी वाटी माझ्या हातात दिली. स्वतःही मागोमाग आली. “पी बाबा गरम गरम. पेज हाय,” ती म्हणाली.

तो उशीवरून उठून बसला. “पेज? आजी, हमारे यहाँ भी पेज ही बोलते हैं! कोदो की पेज, मक्के की पेज.”

आजीला कोदो ठाऊक नव्हते, पण पेज ठाऊक होती. तेवढ्यावर त्या दोघांचे गणगोत जुळले. पुढचे तीन दिवस तिने त्याला आपल्या हाताने जेवू घातले. मी मात्र त्या एका शब्दाने चकित झालो होतो. चाकण कोठे, नर्मदेचा उगम कोठे! ही गोष्ट समाजशास्त्राच्या सरांना सांगितली तेव्हा ते काही बोलले नाहीत. ग्रंथालयात नेऊन त्यांनी एक इंग्रजी पुस्तक माझ्यापुढे ठेवले. ‘लीव्हज फ्रॉम द जंगल’, १९३६ साली प्रसिद्ध झालेले. लेखक व्हेरियर एल्विन. “तुमच्या भाडेकरूच्या मुलुखातली रोजनिशी आहे,” सर म्हणाले, “आणि तिची सुरुवात आपल्या पुण्यात आहे.”

एल्विन यांचा जन्म १९०२ सालचा, इंग्लंडमधील डोव्हरचा. वडील बिशप, शिक्षण ऑक्सफर्डचे. पुढे तेथेच मानाची जागा मिळाली असती. ती वाट सोडून १९२७ च्या अखेरीस, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, हा तरुण पुण्यात आला. जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापला होता. त्या संघाच्या पुण्यातील आश्रमात तो राहू लागला. आश्रमात अंगावर खादी, बसणे जमिनीवर, जेवण शाकाहारी. इंग्रज आणि भारतीय एकाच पंक्तीला. मुंबईहून येताना त्याची आगगाडी चिंचवडवरूनच गेली असणार. पिंपरीचा पेनिसिलिनचा कारखाना १९५४ चा, औद्योगिक विकास महामंडळ १९६२ चे. म्हणजे त्या खिडकीतून त्याला दिसली ती नुसती शेते आणि माळ! परमुलखातला त्याचा पहिला हिवाळा असा आपल्या शेजारी गेला.

जानेवारी १९२८ मध्ये तो साबरमतीला गेला, गांधीजींना भेटला आणि भारावून परतला. राज्यकर्त्यांच्या देशातला मिशनरी स्वराज्याच्या बाजूने बोलू लागला! ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मुंबईच्या मणिभवनात गांधीजींना अटक झाली, तेव्हा एल्विन तेथेच मुक्कामाला होते. त्याच महिन्याच्या अखेरीस ते मैकल पर्वतातील करंजिया या गोंडांच्या खेड्यात दाखल झाले. हे गाव तेव्हा मंडला जिल्ह्यात होते, आता ते डिंडौरी जिल्ह्यात आहे. बरोबर होता एक मराठी तरुण – शामराव हिवाळे. पुण्याच्या त्याच संघातला. एल्विनांचे नाव जगभर गेले. शामरावांचे नाव आपल्या महाराष्ट्रातही किती जणांना माहीत असेल? असो.

अमरकंटकच्या परिसरात हिवाळ्यात दहिवर गोठते. गवताने शाकारलेली मातीची झोपडी हेच घर, हेच प्रार्थनास्थळ. जवळ वीज नाही, डॉक्टर नाही, आणि टपालाचा भरवसा नाही. दोघांपैकी कोणीही वैद्यकी शिकलेला नव्हता; तरी दिवस उजाडला की दारात रोगी हजर. हिवतापाला क्विनाईन, खरजेला मलम, जखमेला पट्टी. मग मुलांची शाळा. मग गावातली भांडणे आणि गाऱ्हाणी, आणि सावकार, पटवारी, शिपाई यांनी गांजलेल्या माणसांसाठी अर्ज लिहिणे. पुढे महारोग्यांसाठी वेगळे घरही झाले. गावातली माणसे थंडीत विस्तवाभोवती अंग टाकून झोपत. अंथरूण-पांघरूण असे फारसे कोणाकडे नसेच. जेवणात कोदो-कुटकी आणि पेज. होय, पेजच!

मला वाटले होते की या रोजनिशीत उपदेश भरलेला असेल. तसे काहीच नाही. तिच्यात उंदीर आहेत, आजारपणे आहेत, अवेळी टपकणारे पाहुणे आहेत, आणि सर्वांत जास्त म्हणजे स्वतःची फजिती हसत हसत सांगणे आहे. सेवा म्हणजे काही एक मोठे, पवित्र कार्य अशी माझी समजूत वाचता वाचता विरघळू लागली. सेवा म्हणजे बहुतांशी रोज तेच ते करणे. आज बांधलेली पट्टी उद्या सोडून पुन्हा बांधणे. त्यात टाळ्या नाहीत आणि छायाचित्रही नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. एल्विन आणि शामराव गेले ते काही तरी देण्यासाठी. धर्म नाही, तर निदान चरखा, दारूबंदी, सुधारणा. पण कापूस जेथे पिकत नाही तेथे सूत कोठून काढणार? आणि मोहाची दारू जेथे देवालाही वाहतात, लग्नातही लागते आणि मर्तिकातही, तेथे दारूबंदी म्हणजे काय हे कोणाला कसे समजावणार? हळूहळू शिकवायला गेलेले शिकू लागले. गोंडांची गाणी दोघांनी उतरवून घेतली, त्यांच्या कथा लिहून ठेवल्या. एल्विनांनी कोणाला बाटविले नाही. उलट चर्चच्या वरिष्ठांशी बिनसून १९३५ मध्ये ते स्वतःच चर्चमधून बाहेर पडले. मिशनरी म्हणून आलेला माणूस असा त्या लोकांचा अभ्यासक झाला, १९५४ मध्ये भारताचा नागरिक झाला आणि १९६४ मध्ये दिल्लीत वारला. तो पुढे ईशान्येकडे गेला, तरी शामराव त्या डोंगरांतच मागे राहिले. प्रधान लोकांवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९४६ चा आहे.

एल्विनांना देव्हाऱ्यात बसविण्यासाठी मी हे लिहीत नाही. १९४० मध्ये त्यांनी कोसी नावाच्या गोंड मुलीशी लग्न केले. ती त्यांच्याच शाळेतली. १९४९ मध्ये ते लग्न मोडले. आत्मचरित्रात या लग्नाला त्यांनी मोजक्या ओळींत उरकले आहे. हजारो गाणी टिपून घेणाऱ्या माणसाच्या पुस्तकात स्वतःच्या पत्नीची बाजू मात्र नाही! आपण जेथे सेवा करायला जातो तेथली माणसे आपल्या चुकांचीही किंमत मोजतात. सेवा करणाऱ्यांनी हे नेहमी ध्यानात ठेवावे असे मला वाटते.

ताप उतरल्यावर मी त्या मुलाला करंजियाबद्दल विचारले. गाव त्याला माहीत होते; बाजाराला तो तेथे गेला होता. एल्विन हे नाव त्याने ऐकले नव्हते. मी त्याला अगरियांवरचा भाग सांगितला. एल्विनांनी १९४२ मध्ये या जमातीवर एक ग्रंथ लिहिला. अगरिया म्हणजे मातीच्या भट्टीत दगडातून लोखंड गाळणारे लोक. त्यांचा देव लोहासुर. भट्ट्यांवर कर बसला, कारखान्यांचे स्वस्त लोखंड बाजारात आले आणि त्यांच्या भट्ट्या विझत गेल्या. तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “भैया, हमारे उधर अगरिया लोग हैं. और मैं यहाँ कास्टिंग घिसता हूँ.” ओतीव लोखंडाच्या कडा घासून गुळगुळीत करणे हे त्याचे आठ तासांचे काम. त्याच्या डोंगरातल्या भट्ट्या थंड पडल्या आणि तो आमच्या भट्ट्यांपाशी येऊन उभा राहिला. अर्थशास्त्राच्या तासाला ‘स्थलांतर’ हा शब्द मी कितीदा तरी लिहिला होता. त्या दिवशी तो माझ्यासमोर रग पांघरून बसला होता.

आणि तेव्हाच दुसरा एक शब्द मला टोचू लागला. करंजियाच्या गोंडांनी त्या दोन परक्यांना नावे दिली होती. एल्विन ‘बडाभाई’ आणि शामराव ‘छोटाभाई’. सातासमुद्रापलीकडचा गोरा आणि महाराष्ट्रातला मराठी माणूस, दोघांनाही त्यांनी भाऊ म्हटले. आज त्याच डोंगरातला मुलगा महाराष्ट्रात येतो तेव्हा आपणही त्याला भाऊच म्हणतो – भय्या! शब्द तोच. पण तेथे त्या शब्दाने परका माणूस घरात आला आणि येथे त्याच शब्दाने आपण त्याला उंबऱ्याबाहेर उभा करतो. शब्दाचा अर्थ कोशात नसतो, तो म्हणणाऱ्याच्या आवाजात असतो, असे आमचे मराठीचे सर सांगतात ते किती खरे आहे!

जानेवारीपासून मी आणि माझे दोन वर्गमित्र संध्याकाळी तासभर आमच्या अंगणात बसू लागलो. लिपी तीच असल्याने खोल्यांतल्या मुलांना मराठी अक्षरे वाचता येतात, अर्थ लागत नाही. म्हणून आम्ही बसच्या पाट्या, कारखान्यातल्या धोक्याच्या सूचना, सरकारी दवाखान्याचे कागद त्यांना समजावून देतो. पगाराच्या पावतीवर भविष्य निर्वाह निधीची कपात कोठे असते ते दाखवितो. मोबदल्यात आम्हाला मिळाली ती त्यांची गाणी, आणि मक्याची पेज कशी करावी याची कृती. आजीने ती करून पाहिली आणि “बरी हाय की!” असा निकाल दिला. शेकोटी आमच्या दारापुढेच होते, तेव्हा थंडीची तक्रार कोणी केली नाही.

मार्चमध्ये त्या मुलाचा करार संपला. अशा मुलांचे करार काही महिन्यांचेच असतात. पुढचा दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्या गावी. तो गुजरातला गेला. निघताना आजीच्या पाया पडला. आजीने त्याच्या हातावर लाडूंचा पुडा ठेवला आणि पदराने डोळे पुसले. संध्याकाळपर्यंत त्याच्या जागी दुसरा मुलगा आला आणि मी नवा फॉर्म भरायला बसलो. हल्ली ‘मूळ गाव’ या रकान्यापाशी माझा जरा जास्त वेळ जातो. नदी कोणती, पिकते काय, घरी कोण कोण आहे, असे मी विचारतो. हे फॉर्ममध्ये लिहायला जागा नाही, म्हणून वेगळी वही केली आहे.

मित्रहो, राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाली, आणि आपल्याही महाविद्यालयाचे शिबिर दर हिवाळ्यात सात दिवस एखाद्या खेड्यात जाते. आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो, पथनाट्य करतो. त्यात वाईट काही नाही. पण भोसरीपासून चाकणपर्यंत पत्र्याच्या खोल्यांची जी गावे वसली आहेत, ती कोणत्याच नकाशावर खेडी म्हणून नाहीत आणि म्हणून शिबिराच्या यादीतही नाहीत. माझी प्राध्यापकांना आणि आपणा सर्वांना एक सूचना आहे. पुढचे हिवाळी शिबिर अशा एखाद्या वस्तीत घ्यावे. सात दिवस पुरणार नाहीत, हे मी आधीच सांगून ठेवतो. पण जाताना झाडूबरोबर एक कोरी वही न्यावी.